नवलभाऊंचं लाकूड ओलं असतं

नवलभाऊंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते माझ्या स्कूटीवर कडुनिंबाची फांदी पडली त्या दिवशी.

शाळेतून निवृत्त होऊन मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याला राहायला आले, त्याला तेव्हा दोनेक महिने झाले असतील. वैशाखातलं वादळ नुकतंच येऊन गेलं होतं. गल्लीतली माणसं जमली. कोणी फांदी ओढत होतं, कोणी तुटलेला आरसा शोधत होतं, कोणी माझी समजूत घालत होतं. एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ मात्र फांदीच्या मोडलेल्या टोकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी अंगठ्याने लाकूड दाबून पाहिलं. नाक जवळ नेऊन वास घेतला. मग वितीने जाडी मोजली आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं,

"बाई, हाई तुमनी शे का?"

"हो, माझीच. दिवाळीत घेतली होती."

"गाडी नही वं. फांदी."

"फांदी झाडाची आहे," मी म्हणाले. मला राग आला होता.

ते विचारात पडले. "मंग झाडले इचारनं पडी," असं म्हणून त्यांनी खरोखरच झाडाकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्या गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करून दिला. पैसे विचारले तर हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. हातात एक पिवळसर, गार, अजून ओलसर वाडगा घेऊन ते उभे होते. "फांदी तुमनी गाडीवर पडनी व्हती, म्हनीसन पहिला वाडगा तुमले." मी वाडगा घेतला. आठ दिवसांत तो वाळून लांबोळका झाला आणि ओट्यावर ठेवला की डुगडुगायला लागला. मी तसं सांगितलं, तर नवलभाऊ समाधानाने म्हणाले, "बरोबर. आते तो बसना."

नवलभाऊ साखर कारखान्यात फिटर होते. तीसेक वर्षं नोकरी केली. पपई आणि केळीची शेती पुतण्या पाहतो. निवृत्तीच्या वर्षी भंगाराच्या लिलावात एक जुनं लेथ मशीन निघालं, ते त्यांनी ट्रॅक्टरवर घालून घरी आणलं. त्यांच्या पत्नी गजराबाई यांना वाटलं, पिठाची गिरणी आणली. त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि शेजारणींना सांगून टाकलं की आता ज्वारी दळायला शहाद्याला जायला नको. मशीन सुरू झालं तेव्हा त्यांनी सूपभर ज्वारी आणून समोर धरली होती. नवलभाऊंनी त्यात लोखंडाऐवजी बाभळीचा ठोकळा लावला. पीठ काही पडलं नाही. लाकडाचे लांब लांब छिलपे निघाले आणि ते सगळे सुपात पडले.

लेथवर लाकूड गोल फिरतं आणि हत्यार टेकवलं की सोलत जातं. ते आतून कोरलं की वाडगा होतो. नवलभाऊंना हे इतकं आवडलं की त्यांनी त्यानंतर दुसरं काही केलंच नाही.

वाईट एवढंच, की मशीन आणताना त्यांनी घरात सांगितलं होतं, आता सगळं फर्निचर मी घरी करणार. आणि ते बोलून थांबणारे गृहस्थ नव्हते. नवं करायचं म्हणून त्यांनी जुनं आधी काढलं. कपाटाची दारं काढली. सोफा खोलला. खुर्च्यांची कापडं फाडली. जुना लोखंडी पलंग पुतण्याला देऊन टाकला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा मला बसायला एक स्टूल मिळालं, कारण घरात तेवढंच अखंड होतं. गजराबाई जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांचे गुडघे तेव्हापासून दुखत.

"पलंग कवय व्हई, ते इचारा बाई त्यासले," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकेल शेतस. तुमले सांगतीन."

पलंग कधी होणार, ते मी विचारलं.

"लाकूड वलं शे," नवलभाऊ म्हणाले.

"मग वाडगे कसे होतात?"

"वाडगाले वलंच पाहिजे. लोणीसारखं कापस. पलंगले सुकेल पाहिजे. वलं लावं ते पलंग वाकडा व्हई जाई."

"मग थोडं लाकूड सुकायला ठेवा."

"ठेवस ना. पन ते सुकाना पहिलेच त्याना वाडगा व्हई जास."

मी आयुष्यभर गणित शिकवलं. असं गणित माझ्या पुस्तकात नव्हतं. गजराबाईंनी कपाळावर हात मारला आणि चहा गाळायला घेतला. गाळणी ठेवायला वाडगा होता.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना एकटं गाठून नीट विचारलं. काम चुकवणारा माणूस नव्हता तो. गल्लीतल्या सगळ्यांचे पंप, पंखे, शिवणयंत्रं दुरुस्त करून द्यायचा. ते हत्याराला धार लावता लावता म्हणाले, "बाई, कारखानामा मी जे जे दुरुस्त करं, ते दुसरा सीझनले परत बिघडनं. तीस वरीस तेच. वाडगानं तसं नही. सकायले लाकूड लावं, संध्याकायले वाडगा हातमा. संपना. पलंगले चार बाजू शेतस. एक बाजू संपनी, का दुसरी देखत ऱ्हास."

संध्याकाळी संपणारं काम ज्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं, त्याच्याशी भांडायचं कसं?

तर वाडगे होत राहिले. कडुनिंबाचे, बाभळीचे, चिंचेचे. सुरुवातीला गल्लीने ते कौतुकाने घेतले. पण मग मिरचीचं प्रकरण झालं आणि तो मार्ग बंद पडला.

त्याचं असं झालं. ओला वाडगा घाईने वाळवला तर तडकतो. सावकाश वाळवायला घरात जागा उरली नव्हती. नंदुरबारला नेमीचंद शेठ म्हणून मिरचीचे व्यापारी आहेत, त्यांचं कांडपयंत्र नवलभाऊंनी एकदा दुरुस्त करून दिलं होतं. हिवाळ्यात त्यांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या माळावर, लाल मिरचीचा नुसता समुद्र पसरलेला असतो. शेठजी म्हणाले, "नवलभाई, इतनी मिर्ची पड़ी है, उसमें तुम्हारे कटोरे कौन देखता है? डाल दो." नवलभाऊंनी टेम्पोभर वाडगे नेऊन मिरचीत पुरून ठेवले. वाडगे उत्तम वाळले. एकही तडकला नाही.

संक्रांतीला गजराबाईंनी तेच वाण म्हणून लुटले. मी त्यात गव्हाची खीर घेऊन बसले. खीर गोड होती आणि तोंड पेटलं होतं. मला वाटलं, वयाने जिभेत काही बिघाड झाला. तेवढ्यात पलीकडच्या घरातून शिंका ऐकू आल्या, मग त्याच्या पलीकडून. एकीने वाडग्यात तीळगूळ ठेवला होता. तिचे पाहुणे डोळे पुसत बाहेर आले, आणि रस्त्यावरच्यांना वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. चार बायका पदर सावरत भेटायलाही गेल्या.

नवलभाऊंनी स्वतः एका वाडग्यात दूध पिऊन पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तिखट नही शे," ते म्हणाले. "लाकूडले संगतना गुण लागस, बस."

त्यानंतर नवलभाऊ हातात काही झाकून येताना दिसले की गल्लीतली दारं हळूच लागायची. वाडगे घरीच साठायला लागले. किल्ल्यांना वाडगा, मिठाला वाडगा, टीव्हीच्या रिमोटला वाडगा, गळक्या नळाखाली वाडगा. एका वाडग्यात फक्त झाकणं होती, आणि ती वाडग्यांची नव्हती.

गजराबाईंचे गुडघे मात्र दर महिन्याला थोडे जास्त दुखत होते. जमिनीवरच्या गादीवरून उठताना त्या आधी कुशीवर वळत, मग भिंत धरत, मग देवाचं नाव घेत. पलंग ही आता हौस राहिली नव्हती.

बाजारातून का आणत नाही, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला मनातली गोष्ट सांगितली. तापीकाठच्या त्यांच्या माहेरी विहिरीजवळ शिसमाचं झाड होतं. वडिलांनी लावलेलं. विहिरीकडे रस्ता काढताना ते पाडावं लागलं. भाऊ नवनीत यांनी त्याच्या जाड फळ्या चिरून गोठ्यात ठेवल्या होत्या आणि सांगितलं होतं, अक्का, हे लाकूड तुझं. "बाई, माले त्याच लाकूडना पलंग पाहिजे. इकतना नको. बापना झाडवर निजसू."

त्या दिवाळीनंतर नवनीतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. फळ्या उतरवल्या. काळसर तपकिरी, जड, वास अजून शिल्लक असलेल्या. नवलभाऊ पुढे झाले आणि त्यांनी अंगठा दाबला.

"वलं नही शे, दाजी," नवनीतभाऊ आधीच म्हणाले. "दोन वरीस गोठामा पडेल व्हतं. ठणठणीत सुकेल शे."

नवलभाऊंचा चेहरा उतरला. सबब अशी पायाखालून कोणी काढून घेतली की माणूस क्षणभर लटकतो. पण ते फिटर होते, दुरुस्ती त्यांना सुचतेच. "सुकेल शे, पन गोठानी हवामा," ते म्हणाले. "आपला घरनी हवा त्याले नवी शे. चार महिना घरमा ऱ्हावू दे. सवय व्हवू दे."

"ऱ्हावू दे ना," गजराबाई म्हणाल्या. "मीबी देखस."

त्यांनी पुतण्याला बोलावून त्या सगळ्या फळ्या मधल्या खोलीत एकावर एक रचून घेतल्या, वर गादी घातली, गादीवर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर घातली आणि त्या रात्रीपासून फळ्यांवर झोपायला लागल्या. चोराने हात लावू नये म्हणून धान्याच्या पोत्यावर झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. नवऱ्याने वाडगे करू नयेत म्हणून लाकडावर झोपणारी ही पहिलीच.

आणि गंमत अशी, की तो पलंग फार चांगला झाला. बरोबर खुर्चीएवढा उंच. गजराबाई सकाळी पाय खाली सोडून सरळ उभ्या राहायच्या. भजनाला येऊन सांगायच्या, "मन्हा माहेरना लाकूडमा गुण शे. गुडघा हलका पडना." त्यांचा चेहराही हलका झाला होता.

हे सुख उन्हाळ्यापर्यंत टिकलं. मग गुडघे पुन्हा दुखायला लागले. आधी थोडे, मग रोज जास्त. पावसाळ्यात त्यांना पलंगावरून उठायला हाताचा आधार लागू लागला, मग काठी, मग काठी आणि नवलभाऊ. शहाद्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. झीज आहे, ते म्हणाले, पण उठताना इतका त्रास व्हावा एवढी दिसत नाही. पण त्रास तर होत होता, आणि दर आठवड्याला वाढत होता. तेव्हा त्यांनी सांगितलं की नाशिकला दाखवा, गुडघे बदलायची वेळ आली असावी. मुलगी चेतना नाशिकलाच असते. तिने दवाखाना पाहून ठेवला. दिवाळीनंतर ऑपरेशन, असं ठरलं.

गजराबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "बाई, ऑपरेशन व्हयनं का मंग खाले बसानं नही म्हनतस. मंग उन्हायामा बिबडा कोन करी? बाया आंगनमा बठतीन, आनि मी काय खिडकीमाथून देखू?"

बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवून हाटायला, ते थापायला गल्लीतल्या बायका उन्हाळ्यात एकत्र जमतात. गजराबाईंच्या हातचे बिबडे अक्कलकुव्यापर्यंत जातात. त्या कधी दवाखान्यात राहिल्या नव्हत्या. चेतनाही घरीच झाली. मी त्यांना धीर दिला, पण तो मलाच पुरला नाही.

नवलभाऊंचं लेथ या दिवसांत सकाळपासून चालू असायचं.

नाशिकला जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांची बॅग भरायला मदत करायला गेले. गजराबाई पलंगावर बसल्या होत्या. मी साड्या घड्या करता करता त्यांच्या शेजारी टेकले. टेकले म्हणजे, टेकायला गेले आणि जरा उशिराच पोचले. साड्या संपल्या. मी उठायला लागले, तर मला उठता येईना.

माझे गुडघे चांगले आहेत. मी रोज गच्ची चढते. पुन्हा जोर केला. पुन्हा मागे पडले. माझे गुडघे माझ्या हनुवटीच्या समोर होते.

"तुमलेबी व्हयनं का?" गजराबाई घाबरून म्हणाल्या. "साथ शे का काय हाई?"

"भाऊंना हाक मारा," मी म्हणाले.

"वो चेतनाना बाप! वो!" त्यांनी हाक मारली. शेडमध्ये लेथ घरघरत होतं. ते काही ऐकत नव्हते. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, दोन बेडकांसारख्या. तोल सावरायला मी हात खाली सोडला आणि तो लगेच फरशीला लागला. मी चादर उचलून पाहिलं.

गादीखाली दोन फळ्या होत्या.

मी चादर परत सोडली. शाळेत कोणाच्या दप्तरात काही सापडलं की मी आधी दार लावून घ्यायचे, सगळ्यांसमोर बोलायचे नाही. पण इथे दार लावायला उठणार कोण?

"गजराबाई," मी म्हणाले, "पहिल्यांदा या पलंगावर बसलात, तेव्हा तुमचे पाय कसे असायचे?"

"सरळ. खुर्चीवर बठो तसा."

"आणि आता?"

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. मग त्यांनी चादर उचलून खाली पाहिलं. "बाई," त्या म्हणाल्या, "मन्हा गुडघा नही बिघडना. मन्हा पलंग बुडना."

त्या वेळी लेथ थांबलं. केसांत छिलपे अडकलेले नवलभाऊ पाणी प्यायला आत आले आणि आम्हा दोघींना तसं पाहून दारातच उभे राहिले.

"चेतनाना बाप, फळ्या कोठे गयात?"

"कोन्या फळ्या?"

"ज्यावर मी निजस त्या."

"दोन शेतस ना," नवलभाऊ म्हणाले.

नवलभाऊंनी पुढे येऊन आधी मला हात देऊन उठवलं, नंतर गजराबाईंना. उभ्या राहिल्यावर गजराबाईंचं लक्ष उशाशी असलेल्या स्टुलाकडे गेलं. त्यावर त्यांचा पाण्याचा तांब्या असायचा. मी पहिल्या दिवशी ज्यावर बसले होते तेच ते स्टूल, पण आता चौरंगापेक्षा थोडं उंच होतं.

"आनि हाऊ स्टूल?"

"पलंग खाले जाये ना, मंग तुले तांब्या उच्चा लागता," नवलभाऊ खाली मान घालून म्हणाले. "म्हनीसन पाय कापात. दोनदाव."

"कॅलेंडर?"

"तेबी खाले लिधं."

भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर खरंच माझ्या कमरेच्या उंचीला आलेलं होतं. मी इतक्या वेळा त्या खोलीत आले होते आणि तिथी पाहायला वाकत होते, पण वाकतो आहोत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"इतला वरीसमा फर्निचरनं एक काम करं तुम्ही," गजराबाई म्हणाल्या, "आनि ते बी स्टूल बुटकं कराले!"

नवलभाऊ शेडमध्ये गेले आणि दोन पोती ओढत घेऊन आले. त्यात शिसमाचे वाडगे होते. सगळे पसरट, कारण फळीतून खोल वाडगा निघत नाही. काळे, गुळगुळीत, तेल लावलेले. त्यातला एकही त्यांनी कोणाला दिला नव्हता, एकातही किल्ली किंवा मीठ ठेवलं नव्हतं.

"पहिली फळी लिधी ती नुसती देखाले, का सुकेल शिसम कशी कातस," ते म्हणाले. "तू भजनले गयथी. परत उनी, निजनी, तुले समजनंबी नही. म्हनं, चाली जाई एक. मंग तू म्हने, गुडघा दुखस. मंग चेतनाना फोन उना, नाशिकना. ऑपरेशन म्हनताच मन्ही झोपच उडनी. डोकामा काही सुचे नही. लेथवर उभा ऱ्हायनू का तेवढंच बरं वाटे."

"तुमनी झोप उडनी म्हनीसन मन्हा पलंग उडना?"

"मी काय तुन्हा गुडघा दुखाले फळ्या नही लिध्यात वं. तुन्हा गुडघा दुखे म्हनीसन लिध्यात."

मला ते चक्र तेव्हा समोर फिरताना दिसलं. त्यांना काळजी वाटली की एक फळी जायची. फळी गेली की पलंग उतरायचा, पलंग उतरला की गुडघे दुखायचे, गुडघे दुखले की नाशिकचा फोन यायचा, आणि त्यांना पुन्हा काळजी वाटायची. थांबवायला कोणी नसतं तर गजराबाई जमिनीला टेकल्यावर ते आपोआप थांबलं असतं. पण तोपर्यंत त्या नाशिकच्या ऑपरेशन टेबलवर असत्या.

मी घरी जाऊन माझी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले, कारण त्यांच्याकडे खुर्ची नव्हती. ती मधल्या खोलीत ठेवली आणि गजराबाईंना म्हणाले, "बसा. आणि आता कोणाला न धरता उठा."

त्या बसल्या. नवलभाऊंनी हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. गजराबाईंनी खुर्चीचे हात धरले, ओठ दाबले आणि उभ्या राहिल्या. थोडं दुखलं असेल, पण उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. मग बसणं-उठणं असं चालूच ठेवलं, जणू शाळेतली कवायत. शेवटी मलाच "पुरे" म्हणावं लागलं.

मग त्या खुर्चीत नवलभाऊ बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

शहाद्याच्या डॉक्टरांना आम्ही सगळं खरं सांगितलं. ते आधी हसले, मग आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मग कंपाउंडरला बोलावून त्याच्यासमोर तिसऱ्यांदा. ऑपरेशन तूर्त नको, म्हणाले. व्यायाम सांगितला, रोज चालायला सांगितलं, आणि पलंग उंच हवा, हे नवलभाऊंकडे पाहून सांगितलं. चेतनाने फोनवर विचारलं, "पप्पा, तुम्ही आईचा पलंग खाल्ला?" नवलभाऊंनी फोन गजराबाईंच्या हातात दिला.

गजराबाईंनी दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून रूपसिंग सुताराला बोलावलं. उरलेल्या दोन फळ्यांतून पलंगाच्या दोन लांब बाजू निघतील, मधे प्लायवूड, असं त्याचं गणित होतं. नवलभाऊ मागे घुटमळत होते. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पन लाकूड जरा—"

"दादा," रूपसिंगने फळीवर टिचकी मारली, "हाई लाकूड तुमनापेक्षा सुकेल शे. तुम्ही पलंगना पाय करी द्या. बाकी मी देखस."

"पाय?"

"चार. गोल. लेथवर."

पलंगाला गोल काही असतं, हे नवलभाऊंच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. ते लगेच शेडकडे गेले. बाभळीच्या जुन्या वाशातून त्यांनी दोन दिवसांत चारही पाय कातले. त्यावर कळ्या, कड्या, मणी, कमळं, काय काय कोरलं. रूपसिंगने ते हातात घेऊन फिरवून पाहिले. "दादा, पलंग शे का देऊळ?" तो म्हणाला आणि दुपारच्या जेवणाआधी पलंग उभा करून निघून गेला. जे काम इतकी वर्षं चार बाजूंना घाबरून पडून होतं, ते एका सकाळीत झालं, आणि नवलभाऊ पूर्णवेळ शेजारी उभं राहून रूपसिंगला खिळे देत होते.

गजराबाईंनी त्या पलंगावर बसून आधी पाय पाहिले. सरळ होते.

शिसमाचे वाडगे त्यांनी पोत्यात परत भरून ठेवले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेल्या तेव्हा ती पोती बरोबर नेली आणि भावांच्या, बहिणींच्या, भाच्यांच्या घरी एकेक वाडगा दिला. नवनीतभाऊ म्हणाले, "अक्का, मी ते पलंगपुरतं लाकूड दिधं व्हतं. हाई काय?"

"हाऊ पलंगच शे," गजराबाई म्हणाल्या. "बापनं झाड सर्वासनं व्हतं ना, सर्वासले वाटा उना."

त्या उन्हाळ्यात त्या अंगणात बिबडे करायला बसल्या. खाली नाही, माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची मी परत मागितली नाही. खाली बसलेल्या बायकांना त्या वरून सूचना करत होत्या आणि बायका म्हणत होत्या, गजरामाय खुर्चीवर बसल्यापासून जास्तच बोलते.

नवलभाऊ आता रूपसिंगच्या दुकानासाठी पलंगाचे पाय कातून देतात. रूपसिंग त्यांना कमळं काढू देत नाही, त्यामुळे दोघांची अधूनमधून वादावादी होते. मशीन मात्र ते सकाळी उशिरा सुरू करतात. रोज उजाडताच ते गजराबाईंबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जातात, आणि त्यांच्या चालीने परत येतात.